रबरी की पितळी

"आजी, रबरी वॉल्व्हच बसवा की. रोज कॉलेजला जायची गाडी ही," रमजान टायरवाला म्हणाला.

"आणि रविवारी ट्रॅकवर कोण पळवणार, तुझी सासू?"

माझी नात शर्वरी रडकुंडीला आली होती. मागच्या शर्यतीत एक चाक बसलं आणि ती शेवटून पहिली आली. रमजाननं टायर पाण्यात बुडवून बघितला, पण पंक्चर काही सापडेना. पुन्हा असं झालं तर गाडी विकणार, असं तिच्या बापानं, म्हणजे माझ्याच दिवट्यानं, बजावलं होतं.

मी म्हटलं, "अरे, आमच्या ह्यांची जीप एवढी सुसाट जायची, की वेगानं रबरी वॉल्व्ह बाहेरच्या अंगाला वाकायचे. एकदा घाटात त्यातून अशी हवा सुटली, की सरपंचांचं धोतर उडून पिंपळावर जाऊन बसलं!"

रमजान पोट धरून हसला. मी बोटाला थुंकी लावली, त्याच चाकाच्या वॉल्व्हच्या बुडाशी फासली आणि वॉल्व्ह अंगठ्यानं वाकवला. टम्म बुडबुडा फुगला. रमजानचं हसू विरलं. त्यानं डब्यातून नटानं आवळायचे पितळी वॉल्व्ह काढले आणि चारही चाकांना बसवले.

रविवारी शर्वरी तिसरी आली, चारही टायर टणक.

पेढा घेताना रमजाननं हळूच विचारलं, "आजी, ते धोतराचं खरं का हो?"

"धोतर उडालं ते खरं," मी म्हटलं. "जीप मात्र आमच्याकडं कधीच नव्हती."