कोमट पाणी

सलोमीबाई आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा गेल्यापासून मात्र रोज सकाळी त्या एकच विचारायच्या, "प्रभू, मला आता कशासाठी मागे ठेवलंस?"

गावात दंगल झाली, संचारबंदी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे भास्करराव दारात उभे. याच भास्कररावांनी तक्रार करून सलोमीबाईंच्या घरची रविवारची प्रार्थना बंद पाडली होती. आज त्यांची नजर खाली होती. त्यांची बायको इंदू बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली.

"इंदूच्या पाठीला झोपून झोपून जखमा झाल्यात. ड्रेसिंग करणारी मुलगी येऊ शकत नाही. सारखी कण्हतेय हो."

क्षणभर सलोमीबाईंना दार लावून घ्यावंसं वाटलं. मग "प्रभू, तूच चल पुढे," असं पुटपुटत त्यांनी कपाटातून कापूस आणि कात्री काढली, पदर खोचला.

इंदूताईंना कुशीवर वळवून त्या हलक्या हाताने जखमा पुसू लागल्या. भास्करराव भिंतीला टेकून बघत होते.

"तुमची प्रार्थना मीच बंद पाडली," ते अचानक म्हणाले.

"माहीत आहे. हे पाणी निवलंय, दुसरं कोमट आणा."

त्यांनी आणलं. मग सांगितल्याप्रमाणे बायकोचा खांदा धरून बसले. हळूहळू कण्हणं थांबलं. सलोमीबाईंचा हात घट्ट धरून इंदूताई झोपी गेल्या. तो सोडवायची सलोमीबाईंनी मुळीच घाई केली नाही.

त्या निघाल्या तेव्हा भास्कररावांना "उद्या..." एवढंच बोलता आलं.

"येते की. शेजारीच तर राहते."

घरी येऊन सलोमीबाईंनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. किती तरी महिन्यांनी त्यांना सडकून भूक लागली होती.