चौदा पाकिटं

परदेशातून येणारी मदत थांबली तेव्हा कुपोषित मुलांच्या केंद्रात नर्स शालिनीताईंकडे आहाराची चौदाच पाकिटं उरली होती. आजारी मुलांना तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी गाडीही बंद होती. त्याच दुपारी मोगीबाई दोन डोंगर उतरून आली. झोळीत जुळी होती, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांच्याही अंगावर मांस म्हणून नव्हतं.

“सात-सात वाटून द्या, ताई,” ती म्हणाली.

“अर्ध्यावर कुणीच जगणार नाही गं. एकाच लेकराला द्यावी लागतील.”

मोगीबाईनं झोळी सोडली. मग तिनं मुलीला उचलून शालिनीताईंच्या मांडीवर ठेवलं.

“ही अजून रडते. त्याचं रडणं कालच थांबलं.”

शालिनीताईंनी पाकीट फोडून त्यातलं थोडं बोटावर घेतलं. मुलगी बोटाला लुचू लागली. मोगीबाईनं मुलाला आपल्या आटलेल्या छातीशी घेतलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.