मानाची रांग

"जातो म्हणू नये रे अदू, येतो म्हणावं. उंबरा ऐकत असतो."

दारात उभ्या आईचा हा आवाज अद्वयच्या कानात लहानपणापासून बसला होता. खोपटच्या स्टँडवरून गावी निघालेले बाबा एसटी चुकेल म्हणून घाईत 'जातो' म्हणाले, आणि गावीच छातीत कळ येऊन गेले. तेव्हापासून नौपाड्याच्या त्या घरातून भाजी आणायलासुद्धा कुणी 'जातो' म्हणून बाहेर पडलं नाही.

आज जहाजाच्या केबिनमध्ये तो आवाज आठवला, कारण फोनवर बायकोचा, ऋजुताचा, निरोप होता. 'परवा सकाळी धक्क्यावर गाडी येईल. सरळ बदलापूर. आईंना सांगितलंस का?'

सांगितलं नव्हतं. बदलापूरच्या वृद्धाश्रमात आईसाठी, मंदाकिनीबाईंसाठी, खोली ठरली होती. त्याआधी आईला समुद्रावरची सफर घडवावी आणि बरी वेळ बघून विषय काढावा, असं त्याने मनाशी योजलं होतं. सहलीच्या पुस्तिकेत तीन जहाजं होती. आईने चष्माही न लावता एकावर बोट ठेवलं. "हेच."

जहाजावर चढतानाच नवल घडलं होतं. सर्वांत वरच्या श्रेणीच्या सभासदांसाठी मानाची वेगळी रांग होती, आणि तीच मारुतीच्या शेपटासारखी लांब. सगळे पिकल्या केसांचे. प्रत्येकाच्या छातीवर निळी पिन. साध्या रांगेत ही दोघं आणि मागे एक नवं जोडपं.

"आपल्याला कुणी विचारतंय का बघ," अद्वय म्हणाला.

"विचारतील," आई म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर चहूकडे निळ्या पिनाच. शेजारी डोंबिवलीचे सलील कर्णिक होते. "काय मंदाताई, बोट नाही ना लागली?"

"मला नाही. ह्याला लागलीय."

खरंच, अद्वय टेबलाची कड धरून बसला होता. आई मात्र दारांचे उंच लोखंडी उंबरे खाली न बघता ओलांडत होती. दरवर्षी भजनी मंडळाबरोबर महिना-महिना यात्रेला जायची. देवळांच्या पायऱ्या चढून पाय घट्ट झाले असतील, असं त्याला वाटलं.

"तुम्ही मुंबईला उतरणार," कर्णिक त्याला म्हणाले. "आम्ही निळे उतरत नाही. जहाज पुढे कोलंबो, सिंगापूर. आम्ही आपले त्याच्या पोटात."

"कंटाळा नाही येत?"

"घरी यायचा."

टेबलावर कुणीच हसलं नाही. वाढप्याने न विचारता आईपुढे बिनसाखरेचा आल्याचा चहा ठेवला. अद्वयच्या मनात एकदम आलं, कर्णिकांना आईचं नाव कसं ठाऊक? गळ्यातल्या कार्डावर वाचलं असेल. पण आईचं कार्ड तर पदराखाली होतं.

दुसऱ्या दिवशी जिथे जावं तिथे ती माणसं. तो आला की बोलणं थांबायचं. निळ्या पिनांमागचे ते म्हातारे डोळे त्याला न्याहाळायचे, मांडवात परका माणूस शिरल्यासारखे. दुपारी वाचनालयाच्या दाराशी त्याने कर्णिकांचा दबका आवाज ऐकला.

"अजून सांगितलं नाहीत?"

"उद्या," आई म्हणाली.

"पोराला जड जाईल हो."

"त्याला जड जात नाही. तेच तर दुखतं."

अद्वय दाराआडच थांबला. तिला कळलं होतं की काय? ऋजुताच्या तोंडून काही निसटलं? डोंबिवलीची स्वतःच्या नावावरची जागा आईने दोन वर्षांपूर्वी परस्पर विकली. पैशांचं विचारलं तर 'देवाच्या कामी लावले' एवढंच म्हणाली. ऋजुताच्या ते मनाला लागलं, आणि बदलापूरचं नाव घरात पहिल्यांदा निघालं ते तेव्हाच.

दिवेलागणीला आई कठड्याशी उभी होती. खाली काळं पाणी आपलं अंग उलटंपालटं करत होतं. ती गुणगुणत होती.

*येते म्हणुनी निघावं, वाट उंबऱ्याशी फुटे*
*मागं वळून पाहता, गाठ पदराची सुटे*

"आई, आत चल."

"पाणी बघते रे जरा." तिने रुमालात बांधलेलं काहीतरी त्याच्या हातात ठेवलं. घराच्या किल्ल्या होत्या. "असू देत तुझ्याकडे. मला आता कशाला?"

त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. ते पाखरासारखं हलकं लागलं. मागे बाकांवर सात-आठ निळ्या पिना गप्प बसून बघत होत्या. एकानेही उठून तिला कठड्यापासून ओढलं नाही. त्या रात्री केबिनच्या दाराला खुर्ची लावून अद्वय तिथेच बसून राहिला.

सकाळी मुंबईचा धक्का दिसला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. आई होती. इरकली नेसून, वेणी घालून, शाल पांघरून तयार होती. आता गाडीत बसल्यावर सांगू, त्याने ठरवलं. तिची बॅग उचलली तर रिकामी असल्यासारखी हलकी.

उतरायच्या दाराशी निळी मंडळी दोन्ही बाजूंना उभी होती. दाराजवळच्या यंत्रावर त्याच्या कार्डाने टिंग केलं. तो उंबरा ओलांडून शिडीवर आला आणि वळला. आई आतच थांबली होती.

"ये ना. गाडी थांबलीय."

"ती रिकामीच जाऊ दे बदलापूरला." तिने शाल काढून कर्णिकांच्या हातात दिली. इरकलीच्या पदरावर, खांद्याशी, निळी पिन होती, कडा झिजलेली. "आणि ऋजुताला म्हणावं, ते पैसे देवाच्या कामी नव्हते लावले. इथल्या खोलीला लावले."

लोखंडी उंबरा दोघांच्या मध्ये होता.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "येते तरी म्हण."

तिने उंबऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"जाते, अदू."