दारातली हाक

साहेबाचा नोकर म्हणून धाकलू विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने, जयवंताने, बाजेवरूनच एक मागणं केलं. तिच्या पायांतलं बळ दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं.

"तिकडं जे जे देऊळ बघाल, तिथं मला हाक मारा. म्हंजे मी बी बघितलं."

धाकलूने हे मनापासून पाळलं. राजवाडा असो की चर्च, आत शिरताना तो वहाणा काढी आणि हळूच म्हणे, "चल गं." बाहेर पडतानाही तेच, "चल गं." गोरी माणसं हसत. हसेनात का!

शेवटच्या चर्चमध्ये मात्र घोटाळा झाला. उंच छत, पुढे मेणबत्त्यांच्या रांगा. धाकलू बघतच राहिला. एवढ्यात गाडी चुकेल म्हणून साहेब बाहेरून ओरडला. धाकलू वहाणा हातात घेऊन पळाला, आणि बाहेर पडताना जयवंताला हाक मारायची राहून गेली.

महिन्याभराने भर दुपारी तो कडावला घरी पोचला. जयवंता बाजेवर मान वर करून बसली होती, आढ्याच्याही पलीकडे काही बघत असल्यासारखी.

"म्हयनाभर अशीच हाय रं," शेजारची सोनाबाई म्हणाली. "कुनाला वळखत नाय."

धाकलूने तिची पावलं हातात घेतली. दगडी फरशीसारखी गार होती. तळव्यांना मेण चिकटलं होतं.

"चल गं," तो म्हणाला. मग ओरडला, "जयवंता, चल गं!"

तिने वळूनही पाहिलं नाही.

"अवो, कुठं गेलात तुमी?" ती कुजबुजली. "लवकर हाक मारा. दार लावाया लागलेत."