तीन मार्चचा माणूस

"तुमचं यंत्र नादुरुस्त आहे," प्राध्यापक उकिडवे स्मृतिकेंद्रातल्या तंत्रज्ञ रेवती सोनटक्के यांना म्हणाले. "माझा मेंदू तीन मार्चच्या स्थितीवर रिस्टोअर केल्याची चार प्रमाणपत्रं खणात निघाली. तरी त्यानंतरचं मला सगळं ठाऊक आहे."

"रिस्टोअर चारही वेळा निर्दोष झालं, सर. पुढचं प्रत्येक वेळी तुम्हीच इथे येऊन सांगितलंत." रेवतीने जुन्या नोंदी पडद्यावर आणल्या. "घरी गेल्यावर तुम्हाला स्वतःच्या नावाचा एक ग्रंथ दिसतो. तुम्ही तो कौतुकाने वाचायला घेता. तिसऱ्या प्रकरणात ध्यानात येतं, की हा तर वैजयंता पगारे यांचा प्रबंध. तीन मार्चला तुम्ही वाखाणलेला आणि एप्रिलमध्ये नापास केलेला. मग संतापून तुम्ही कुलगुरूंना तक्रार लिहू लागता आणि चोराच्या नावापाशी थांबता."

उकिडव्यांची मान खाली गेली. तीन मार्चचा तो माणूस त्यांच्याहून प्रामाणिक होता. वाचकही चांगला होता.

"पगारेबाई हल्ली शिकवण्या घेतात," रेवती म्हणाली. "ती तक्रार एकदा पुरी करा, सर. रिस्टोअरची गरजच उरणार नाही."

उकिडवे यंत्राच्या खुर्चीकडे वळले. मग खुर्चीत बसून त्यांनी कपाळावरचा पट्टा स्वतःच्या हाताने आवळला.

"आणखी मागे न्या," ते हलकेच म्हणाले. "मला वाचता येऊ लागलं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत."