दुसरा रिमोट

"माणसाने तज्ज्ञाला आयुष्यात दोनदाच बोलवावं," मुलगा स्टुलावर उभा राहून म्हणाला. "येताना आणि जाताना. मधलं सगळं एका स्क्रूड्रायव्हरवर भागतं."

एवढ्यात एसीचं झाकण सुटून त्याच्या कपाळावर आलं आणि स्क्रूड्रायव्हर पलंगावर आडव्या झालेल्या आईच्या उशीपाशी पडला. मुलगा बावन्न वर्षांचा होता.

"मी मघाशीच फोन केलाय," सून दारातून म्हणाली. "मेकॅनिक जिना चढतोय."

एसी बंद पडला नव्हता. तो फक्त ऐकत नव्हता. वीसवर लावला की अर्ध्या मिनिटात टुंग करून सत्तावीसवर जायचा आणि अर्ध्या तासाने आपला आपण बंद व्हायचा. तीन आठवडे हेच चाललं होतं. मुलाने जाळी धुतली, रिमोटचे सेल दोनदा बदलले, एसीला दोन चापट्याही मारून पाहिल्या. बाहेर रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं. आईला दोन दिवसांत दोनदा घेरी आली होती, तरी दुसऱ्या खोलीत झोपायला ती तयार नव्हती. तिचं मागणं एवढंच होतं : एक दुपार सलग, गार झोप.

मेकॅनिक आला. जाडा, पिकल्या मिशीचा, बोलायला कंजूष.

"हे कुणी उघडलं?"

"आमच्याकडे एक जण आला होता," मुलगा कपाळ चोळत म्हणाला.

"त्याला परत बोलवू नका."

त्याने गॅस पाहिला, पंखा पाहिला, वायरी चाचपल्या. "मशीन ठणठणीत आहे. घरात दुसरा रिमोट चालू आहे कुणाकडे तरी."

"दुसरा नाहीये. हा एकच, नवा घेतलेला."

"मग जुना?"

"ह्यांच्या खिशात," आई म्हणाली.

"मग घ्या ना काकांकडून मागून."

सून म्हणाली, "बाबांना जाऊन महिना झाला. कुणी हात लावू नये म्हणून रिमोट शर्टाच्या खिशात ठेवायचे. गडबडीत खिसा बघायचा राहिला. त्याच शर्टात नेलं त्यांना."

"एसी घेऊन बारा वर्षं झाली," आई छताकडे बघत म्हणाली. "सव्वीस आकडा मी पाहिला नाही. सत्तावीस, तेही अर्धा तास. मग उठून घरभर बटणं बंद करत हिंडायचे. सगळ्यात शेवटी या खोलीत. आणि दार जरा उघडं दिसलं की ओरडायचे, दार लावा, गारवा फुकट चाललाय!"

मेकॅनिकने मिशी पुसली. तीस वर्षांत त्याला एसीत पाल मिळाली होती, घरटं मिळालं होतं, एकदा कुणाची तरी कवळी मिळाली होती. तो घाबरला नाही. त्याने एसी वीसवर लावला आणि रिमोटचा उजेड घेणाऱ्या काळ्या काचेवर तळहात ठेवला. मिनिटभर वीसच राहिले. त्याने हात काढला. टुंग. सत्तावीस.

"याच खोलीतून येतंय," तो म्हणाला आणि त्याने मोबाइलचा कॅमेरा चालू केला. "रिमोटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. यात दिसतो. रिमोट चालतोय की नाही, ते आम्ही असंच बघतो."

त्याने मोबाइल सावकाश फिरवला. कपाट. पडदा. खिडकीजवळची आरामखुर्ची. तिथे त्याचा हात थांबला. मुलगा आणि सून त्याच्या खांद्यावरून वाकले.

खुर्ची रिकामी होती. पण स्क्रीनवर, बसलेल्या माणसाची छाती येईल तेवढ्या उंचीवर, एक जांभळा ठिपका लुकलुकत होता.

"काल मी त्या खुर्चीत बसलो होतो," मुलगा म्हणाला आणि खाली बसला.

"हे बिघाडात बसत नाही, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "पण उपाय आहे. रिमोटचं ऐकणारी ही एवढीशी वायर. कापली की कुणाचाच रिमोट चालणार नाही. वीसवर कायम करून देतो. मग चालू-बंद फक्त दाराजवळच्या बटणाने."

"म्हणजे एकदम तोडूनच टाकायचं?" मुलाने विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

मेकॅनिकने आईकडे पाहिलं. आई खुर्चीकडे पाहत होती. बराच वेळ पाहत होती. मग तिने कूस बदलली.

"कापा," ती म्हणाली.

त्याने कापली. उतरून स्वतःच खोलीचं दार घट्ट लावलं.

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. टुंग झालं नाही. गारवा पलंगापर्यंत पोचला आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच आईने दुपारी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

मेकॅनिकने मोबाइल पुन्हा खुर्चीकडे धरला. ठिपका लुकलुकला. थांबला. मग घाईघाईने पाच-सहा वेळा लुकलुकला, सेल संपल्यावर माणूस बटण दाबत राहतो तसा. मग विझला.

खुर्ची कुरकुरली.

लावलेलं दार सावकाश उघडलं आणि उघडंच राहिलं. घरात चार माणसं होती आणि चारही त्या खोलीत होती.

लांबून, स्वयंपाकघरातून, खट् आवाज आला. मग न्हाणीघराचा दिवा, खट्. मग बोळातला, अगदी जवळ, खट्.

आता घरात एकच बटण चालू उरलं होतं, दाराजवळचं. मेकॅनिक, मुलगा आणि सून त्याच्याकडे बघत भिंतीला चिकटले.

आईने डोळे उघडले नाहीत.

"अहो," ती चादरीतून म्हणाली, "उठलाच आहात, तर तेवढं दार लावून घ्या. गारवा फुकट चाललाय."