आढीचा वास

दार उघडताच पिकल्या आंब्यांचा वास आला. हेमांगी चपलांसकट कोठीत धावली. कैऱ्यांची शीतपेटी रिकामी होती. कोपऱ्यात पेंढ्याची आढी नीट रचलेली होती.

"मीच लावली गं," मागून नणंद म्हणाली. हेमांगी गावाला गेल्यापासून तिच्या लेकीला, रेणूला, नणंदच सांभाळत होती. "पोर ती आंबट कैरी रोज रडत खाते, बघवेना मला. पिकला तरी औषध तेच ना, शेवटी?"

"नाही हो, शकूताई."

औषधाच्या बाटल्या निघेनाशा झाल्यापासून प्रत्येक रुग्णासाठी औषध देणारं आंब्याचं वेगळं कलम असे. रेणूला जगवणारं अमिनो आम्ल तिच्या कलमाच्या कैरीत साठायचं. फळ पिकायला लागलं की ते आम्ल मोडून त्याचाच सुगंध व्हायचा. पुढच्या कैऱ्या आता पुढच्या वर्षी, आणि तेवढे दिवस रेणूकडे नव्हते.

हेमांगीने सगळा पेंढा उपसला. एखादं तरी फळ कडक लागेल म्हणून तळापर्यंत चाचपलं. सगळी मऊ होती.

तेवढ्यात रेणू दारात आली. "आई, किती छान वास येतोय."

हेमांगीने उठून तिला आत घेतलं. तिने खिडक्या लावल्या, दार लावलं, दाराखालच्या फटीत पदर कोंबला. मग तिथेच बसून तिने लेकीला छातीशी धरलं.

"श्वास घे, बाळा," ती म्हणाली. "खोल घे. सगळा घे."